वहीतील २३ बळी : मालिकावीर कोण, हे ठरवते कोण?

१/
गेल्या दिवाळीत यवतमाळच्या घरी माळ्यावरची पेटी आवरताना शंभर पानी एक वही हाती लागली. मुखपृष्ठावर विषय ‘भूगोल’ असा लिहिलेला. आत मात्र भूगोलाचा एक शब्द नाही. आहेत ते धावफलक. सातवीत असताना आम्ही खेळलेल्या ‘बुक क्रिकेट’च्या एका संपूर्ण हंगामाची ती दप्तरनोंद आहे. तिच्या शेवटच्या पानावरून आजचा हा धागा सुरू होतो. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/
ज्यांनी हा खेळ खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुस्तक डोळे मिटून उघडायचे आणि डाव्या पानाच्या क्रमांकातील शेवटचा अंक पाहायचा. २, ४, ६ आले तर तितक्या धावा. ८ आल्यास आमच्याकडे एक धाव धरत. गावोगावी हा नियम बदलतो. ० आले की फलंदाज बाद. एकदा पुस्तक उघडणे म्हणजे एक चेंडू. आमचे आवडते मैदान म्हणजे जाडजूड गाईड, कारण पाठ्यपुस्तके फार लवकर ‘संपत’.

३/
आमच्या वर्गात आठ संघ होते. प्रत्येकाने प्रत्येकाशी एक सामना खेळायचा, म्हणजे संघाला सात सामने. सामना पाच षटकांचा. संघमालकाने खेळाडूंची नावे आधी लिहून द्यायची आणि कोणते षटक कोणी टाकले तेही सांगायचे. ही सारी नोंद माझ्याकडे असे. मी चांगला खेळाडू नव्हतो, पण अक्षर बरे होते. म्हणून मी कायमचा गुणलेखक झालो. इतिहासाच्या विद्यार्थ्याची पहिली नेमणूक तीच म्हणावी लागेल.

४/
हंगाम संपला की ‘मालिकावीर’ निवडायचा, तोही मतदानाने. वहीच्या शेवटच्या पानावर त्या मतदानाची नोंद आहे. मतदानापूर्वी मधल्या सुटीत दोन दिवस रीतसर प्रचार चालला होता. एका संघमालकाने फळ्यावर आपल्या फलंदाजाच्या धावा लिहिल्या. दुसऱ्याने मताला एक गोळी असा भाव फोडला. जो खेळाडू कधी अस्तित्वातच नव्हता, त्याच्यासाठी चिठ्ठ्या, वचने, रुसवेफुगवे, सारे काही झाले.

५/
बहुतेक संघांत सचिन, धोनी, सेहवाग अशी नावे होती. दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरून येणाऱ्या आमच्या एका वर्गमित्राने मात्र आपल्या संघात तांड्यावरच्याच माणसांची नावे घातली होती. त्याचा मुख्य गोलंदाज म्हणजे त्याचे आजोबा. वहीतील नोंद सांगते : सात सामने, ८४ चेंडू, २३ बळी. त्याच्यानंतरच्या गोलंदाजाचे १९. हा मुलगा प्रचार करीत नसे. मतदानाच्या वेळी कोणीतरी त्या नावाकडे बोट दाखवून विचारले, “हा कोन होय बे?” वर्ग हसला. मालिकावीर झाला ‘सचिन’, १४८ धावांसाठी. आजोबांना तीन मते पडली.

६/
त्या तीन मतांत माझे मत नव्हते. वही माझ्याकडे होती, आकडे मला ठाऊक होते आणि मी ते वाचून दाखवले नाहीत. कोणी मागितले नाहीत, ही सबब तेव्हा पुरेशी वाटली होती. आज पदव्युत्तर वर्गात ‘साधने स्वतः बोलत नाहीत’ हे वाक्य ऐकताना मला नेहमी ते शेवटचे पान आठवते. हा धागा त्याच प्रश्नाचा आहे : खेळाडूचा गौरव आकड्यांनी होतो की आकड्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी?

७/
आधी एक गणित. डाव्या पानाचा शेवटचा अंक ०, २, ४, ६, ८ यांपैकीच असणार. म्हणजे प्रत्येक चेंडूवर बाद होण्याची शक्यता पाचात एक. ८४ चेंडूंत सरासरी सतरा बळी मिळावेत. षटकांची मर्यादा बाजूला ठेवली तर प्रत्येक फलंदाजाची अपेक्षित सरासरी १३ येते, मग नाव सचिन असो वा आजोबांचे. पुस्तक उघडणाऱ्याच्या हाताची सफाई सोडली तर या खेळात सगळे खेळाडू अगदी समान असतात. मग ‘श्रेष्ठ’ कोण हे ठरले कशावर? नावावर आणि प्रचारावर.

८/
हा प्रश्न पोरखेळापुरता नाही. हंगामाअखेरीच्या पुरस्कारांची परंपरा जिथे जुनी आणि भांडकुदळ आहे त्या अमेरिकन बेसबॉलमध्ये तो शतकभरापूर्वीच उभा राहिला. १९१० साली ह्यू चामर्स या मोटार-उत्पादकाने जाहीर केले, की हंगामात फलंदाजीची सर्वोच्च सरासरी राखणाऱ्याला आपली मोटारगाडी भेट देऊ. मतदान नाही, मंडळ नाही, निव्वळ आकडा. याहून निष्पक्ष काय असणार?

९/
शेवटच्या टप्प्यात टाय कॉब आणि नॅप लाजोई यांच्यात चुरस होती. कॉब त्याच्या उर्मट स्वभावामुळे अनेकांना नकोसा. त्यात आघाडी टिकवण्यासाठी तो अखेरचे सामने खेळलाच नाही. ९ ऑक्टोबर १९१० रोजी सेंट लुईसच्या प्रशिक्षकाने आपल्या नवख्या क्षेत्ररक्षकाला मुद्दाम फार मागे उभे केले. लाजोई चेंडू हलकेच समोर ढकलत राहिला आणि त्या दिवशीच्या दोन सामन्यांत त्याच्या नावावर आठ यशस्वी फटके जमा झाले. गुणलेखकाला आमिष दाखवण्याचाही प्रयत्न झाला. प्रकरण उघडकीस आले, प्रशिक्षकाची हकालपट्टी झाली, कॉब किंचित पुढे असल्याचे जाहीर झाले आणि चामर्सने दोघांनाही गाड्या देऊन वाद मिटवला.

१०/
म्हणजे केवळ आकड्यावर विसंबलेला पुरस्कारही लोकांच्या आवडीनिवडीपासून सुटला नाही. आवड मैदानात उतरली आणि तिने आकडाच वाकवला. १९११ पासून निवड क्रीडा-पत्रकारांच्या मंडळाकडे गेली. निकषही बदलला : सरासरी नव्हे, तर संघाला सर्वाधिक उपयुक्त कोण. १९१४ नंतर तो पुरस्कार बंद पडला. पुढे १९३१ पासून बेसबॉल-लेखकांच्या संघटनेने ‘सर्वाधिक मोलाचा खेळाडू’ निवडायला सुरुवात केली. ती पद्धत आजही चालू आहे.

११/
पण निर्णय मतांवर आला की प्रचार येणारच. १९४७ साली टेड विल्यम्स फलंदाजीच्या तिन्ही प्रमुख आकड्यांत आपल्या लीगमध्ये पहिला होता. पुरस्कार मिळाला जो डिमॅजिओला, २०२ विरुद्ध २०१ गुणांनी. विल्यम्सचे पत्रकारांशी जमत नसे आणि मते पत्रकारांची होती. त्या एका गुणाचा वाद अमेरिकेत अजून संपलेला नाही. ‘मोलाचा’ या शब्दाची व्याख्या कोणी करायची, हा त्या वादाचा गाभा आहे.

१२/
याच देशात १९६१ साली हॅल रिचमन यांनी फासे आणि खेळाडूंची पत्ते-वजा कार्डे यांवर चालणारा ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हा घरगुती बेसबॉल बाजारात आणला. पुढे संगणक आले आणि काल्पनिक लीग घरोघरी पोहोचल्या. तेथील खेळाडूला घाम नाही, जात नाही, स्वभाव नाही. आहेत फक्त आकडे. तरीही हंगाम संपला की संघमालक ‘माझाच खेळाडू श्रेष्ठ’ म्हणून लांबलचक निवेदने लिहितात. आमच्या वर्गातला फळा आणि त्यांची निवेदने यांत प्रकाराचा फरक नाही. आकडा कितीही स्वच्छ असो, त्याचा अर्थ सांगणारा माणूस लागतो.

१३/
आता आपल्याकडे येऊ. मुंबईच्या क्रिकेटमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी असा हंगामी पुरस्कार नव्हता. युरोपियन, पारशी, हिंदू (१९०७ पासून तिरंगी) आणि मुस्लिम (१९१२ पासून चौरंगी) या धर्मनिहाय संघांची वार्षिक स्पर्धा हाच हंगामाचा कळस. तिथे खेळाडूला मिळू शकणारा सर्वोच्च मान एकच होता : आपल्या संघाचे कर्णधारपद. तो मान निवड समिती देई. म्हणून ‘अमुक खेळाडूला मान द्या’ या प्रचाराचा आपल्याकडचा पहिला मोठा अध्याय शोधायचा, तर तो कर्णधारपदाच्या वादात सापडतो. त्याचे नायक म्हणजे पालवणकर बंधू.

१४/
बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ चा, धारवाडचा, कुटुंब चर्मकार समाजाचे, वडील लष्करात. पुण्यात त्यांनी आधी एका पारशी क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याचे काम केले, मग युरोपियनांच्या पूना क्लबात महिना चार रुपये पगारावर. तिथे सरावासाठी जाळ्यात ते गोऱ्या साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करीत. जे. जी. ग्रेग यांच्यासारखा नामांकित फलंदाज त्यांच्यासमोर रोज सराव करी. बाळूंच्या डाव्या हाताच्या फिरकीला धार आली ती या चाकरीत. त्यांच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही.

१५/
युरोपियनांना हरवायचे तर बाळू हवेत, हे पुण्याच्या हिंदू संघाने ओळखले. त्यांना संघात घेतले गेले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांनी हाताळलेला चेंडू हाती घेत. चहाच्या वेळी मात्र बाळूंचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात येई आणि जेवणाचे पान वेगळे मांडले जाई. चेंडूला विटाळ नाही, कपाला आहे, अशी ती विलक्षण तडजोड होती. संघाला त्यांचे बळी हवे होते, बळी घेणारा पंक्तीला नको होता.

१६/
१९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाने सपाटून मार खाल्ला, पण बाळूंनी दौऱ्यात १८.८४ च्या सरासरीने ११४ बळी घेतले. सबंध कारकिर्दीचा हिशेब ३३ प्रथम श्रेणी सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. बुक क्रिकेटमधील २३ बळी हा योगायोग असू शकतो. हा आकडा तसा नव्हे.

१७/
इतके असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. एकदा नाही, वर्षानुवर्षे नाही. येथे प्रतिपक्षाची बाजूही मांडली पाहिजे. इंग्लंडमध्येही त्या काळी पगारी व्यावसायिक खेळाडूला कर्णधार करीत नसत. गौरव हौशी ‘जंटलमन’चा, कष्ट व्यावसायिकाचे, असा रिवाज होता, विसाव्या शतकात इंग्लंडच्या संघाचा पहिला नियमित व्यावसायिक कर्णधार लेन हटन झाला तो १९५२ साली. आपल्याकडे मात्र वर्गाच्या या भिंतीवर जातीची दुसरी भिंत चढलेली होती आणि ती कधीच उघडपणे निकष म्हणून सांगितली जात नसे. ‘शिक्षण’, ‘प्रतिष्ठा’, ‘वजन’ असे शब्द वापरले जात.

१८/
मग बाळूंच्या बाजूने बोलले कोण? सर्वप्रथम त्यांचा स्वतःचा समाज. १९११ च्या दौऱ्याहून परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांनी त्यांचा सत्कार केला. त्या वेळच्या मानपत्राच्या लेखनात एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर या तरुणाचा हात होता, असे अभ्यासक नोंदवतात. मानपत्र हे आपल्याकडचे जुने प्रचारसाधन आहे. त्यात आकडे, गुण आणि मागणी एकत्र बांधलेली असते आणि ते चारचौघांत मोठ्याने वाचले जाते. वहीतला आकडा सभेत येतो तो असा.

१९/
दुसरा आवाज अनपेक्षित ठिकाणाहून आला. १९१३ साली एम. डी. पै हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्यांच्या ज्ञातिबांधवांनी त्यांचा सत्कार केला, तेव्हा भर समारंभात पै यांनी सांगितले, की हा मान खरे तर वयाने आणि अनुभवाने ज्येष्ठ असलेल्या माझ्या मित्राला, बाळूंना मिळायला हवा होता. ज्याला पुरस्कार मिळाला त्यानेच दुसऱ्याचा हक्क बोलून दाखवणे हे आजही दुर्मीळ आहे. ज्येष्ठता, अनुभव आणि कामगिरी हे तिन्ही निकष त्या एका विधानात आले होते.

२०/
तरीही समिती हलली नाही. ती हलली १९२० मध्ये. त्या वर्षाकडे नीट पाहावे. ३१ जानेवारीस ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. मेअखेरीस, आमच्या यवतमाळहून फार लांब नसलेल्या नागपुरात, शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. डिसेंबरात त्याच नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन झाले आणि असहकाराच्या ठरावात अस्पृश्यता दूर करण्याचे आवाहन आले. क्रिकेटची निवड समिती या हवेबाहेर राहू शकत नव्हती.

२१/
त्याच डिसेंबरात मुंबईत चौरंगी स्पर्धा भरली. बाळूंना संघातून वगळले होते. ते तेव्हा चव्वेचाळिशीच्या आसपास होते. कर्णधार पै आजारी असल्याने मुस्लिम संघाविरुद्ध नेतृत्व कोणाकडे जाणार, हा प्रश्न आला. बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल हे संघातील आघाडीचे आणि ज्येष्ठ फलंदाज. समितीने निवडले दि. ब. देवधर यांना. देवधर मोठे फलंदाज होते आणि पुढे अधिक मोठे झाले, यात वाद नाही. पण ज्येष्ठतेचा निकष पुन्हा एकदा बाजूला ठेवला गेला होता.

२२/
विठ्ठल आणि शिवराम या दोघा पालवणकर बंधूंनी संघातून अंग काढून घेतले आणि आपले निवेदन वृत्तपत्रात प्रसिद्ध केले. आपली ज्येष्ठता आणि कौशल्य डावलले जाते ते आपण तथाकथित अस्पृश्य समाजाचे म्हणून, असे त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडले. आतापर्यंत इतर लोक त्यांच्या वतीने बोलत होते. आता खेळाडू स्वतः बोलले, आणि नुसते बोलले नाहीत तर खेळायचे थांबले. समितीने न सांगितलेला निकष त्यांनी छापून आणला. हे या साऱ्या प्रकरणातील निर्णायक पाऊल होय.

२३/
वृत्तपत्रांत वाद पेटला. परिणाम त्वरित दिसला. पारशी संघाविरुद्धच्या सामन्यात तिघेही भाऊ संघात परत आले आणि बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. सामन्यात पै काही काळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ हिंदू संघाचे नेतृत्व बाळू पालवणकरांनी केले. अधिकृत कर्णधार ते कधीच झाले नाहीत. त्यांच्या वाट्याला आला तो एवढाच, मित्राने मोकळा करून दिलेला काळ.

२४/
१९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली. १९४८ मध्ये त्यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत प्रसिद्ध केले. मानपत्रापासून आत्मचरित्रापर्यंत हा सदतीस वर्षांचा लेखनप्रवास आहे. आज आपल्याला हे प्रकरण इतक्या तपशिलाने माहीत आहे, कारण त्या कुटुंबाने आणि त्यांच्या पाठीराख्यांनी ते वेळोवेळी लिहून ठेवले. नुसत्या धावफलकातून यातले काहीच कळले नसते.

२५/
स्वातंत्र्यानंतर गौरव देणारी संस्था बदलली. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला. समितीच्या जागी शासन आले, पण ‘बोलणारा कोण’ हा प्रश्न तसाच राहिला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावकऱ्यांनी बैलगाड्यांची मिरवणूक काढून त्यांना घरी आणले. १९८४ मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. मधल्या काळात पदकाचा रंग बदलला नव्हता की वजन वाढले नव्हते.

२६/
दुसरे उदाहरण सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेला हा सैनिक १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर जलतरणात ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकला. १९८२ मध्ये त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी स्वतः अर्ज केला. तो नाकारला गेला. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली आणि जानेवारी २०२५ मध्ये जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार. सुवर्णपदक आणि अर्जुन यांत अंतर बावन्न वर्षांचे.

२७/
येथे एक आक्षेप रास्त आहे. प्रचाराने गौरव मिळू लागला तर ज्याचा आवाज मोठा त्याचा खेळाडू मोठा ठरेल. ज्याच्याकडे वृत्तपत्र, संघटना, आमदार किंवा गोळ्यांची पिशवी, त्याची सरशी. आमच्या वर्गात हेच झाले आणि १९१० च्या सेंट लुईसमध्येही. म्हणून अनेक सज्जन म्हणतात, ‘प्रचार नको, काम बोलू द्या.’ हा उपदेश ऐकायला उदात्त वाटतो. पण इतिहासात तो बहुधा ज्यांच्या बाजूने व्यवस्था आधीच बोलत होती त्यांच्या सोयीचा ठरला. बाळूंचे काम १९०६ पासून बोलतच होते. ऐकणाऱ्यांनी ठरवून कान मिटले होते.

२८/
मला वाटते, फरक प्रचार असण्या-नसण्यात नाही. तो काय उघडे करतो यात आहे. मताला गोळी देणारा आकडे झाकतो. नाव पुढे करणारा निकष झाकतो. पालवणकरांचे निवेदन याच्या उलट होते : आमची कामगिरी ही, तुमचा निकष कोणता, तो उघड सांगा. पै यांचे भाषणही तसेच. जो प्रचार निवडणाऱ्याला कारण द्यायला भाग पाडतो, तो न्यायाच्या बाजूचा. पुरस्कार-समित्यांनी निकष आधी आणि कारणे नंतर प्रसिद्ध केली, तर अर्धा गोंगाट आपोआप शमेल.

२९/
माझ्या यवतमाळला हा विचार परका नाही. लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ साली येथून एक साप्ताहिक सुरू केले. त्याचे नाव ‘लोकमत’, आणि ते नाव लोकमान्य टिळकांनी सुचवल्याचे सांगतात. लोकांचे मत ही घडवावी, मांडावी, छापावी लागणारी गोष्ट आहे, हे कापसाच्या या लहानशा गावाने मुंबईतील पालवणकरांच्या लढ्याच्या ऐन दिवसांत ओळखले होते. फक्त लोक कोण आणि कोणाचे मत मोजायचे, हे तेव्हाही ठरायचे होते.

३०/
वही सापडल्यावर मी त्या वर्गमित्राला फोन केला. बऱ्याच वर्षांनी बोलत होतो. शेती, पाऊस, कापसाचा भाव झाला. मग मी म्हणालो, बुक क्रिकेटची वही मिळाली आहे आणि तुझ्या आजोबांचे बळी माझ्यासमोर आहेत. मी आकडा सांगण्याआधीच तो म्हणाला, “तेवीस.” थोड्या वेळाने विचारले, “लिहून ठेवले व्हय अजून?” मी हो म्हणालो. त्या पानाचे छायाचित्र त्याला पाठवले. मतदानाच्या वेळी मी गप्प का राहिलो, हे त्याने विचारले नाही, मीच सांगितले.

३१/
धागा येथे संपतो. तुमच्या गावात, तालमीत, मंडळात, कबड्डीच्या संघात असा एखादा खेळाडू असेल, ज्याचा आकडा कोणाच्या तरी वहीत आहे पण ज्याच्या बाजूने कोणी बोलले नाही, तर खाली लिहा. नाव, गाव, साल आणि नोंद कुठे आहे, एवढे पुरे. जुन्या गुणवह्या रद्दीत देऊ नका. पुढचा धागा चौरंगी स्पर्धा बंद कशी पडली, यावर.